मापाड्याला कोण मोजणार?

दशलक्षण पर्वात आमच्या बस्तीत रोज संध्याकाळी आरतीनंतर कुणाचं तरी व्याख्यान असतं. गेल्या वर्षी एका संध्याकाळी विषय होता शिक्षणाचा. वक्ते आमच्याच समाजातले, वयानं वडीलधारे, मुलगा अमेरिकेत असल्यामुळे दोनदा तिकडं जाऊन आलेले. ते म्हणाले, "तिकडं शाळेला मार्क मिळतात. मुलांचा निकाल खाली आला की मास्तरला जाब विचारतात. तरी सुधारला नाही तर घरी पाठवतात. शाळाच सुधारली नाही तर शाळेला कुलूप! याला म्हणायचं अकाउंटेबिलिटी. आपल्याकडं कोण कुणाला विचारतो?" टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूनं जरा जास्तच पडल्या, कारण मुलांचा अभ्यास घेऊन आपणच दमलेल्या असतो आणि मास्तरांवरचा आपला राग जुना असतो.

मी टाळी वाजवली नाही. बाहेर पडताना वक्त्यांनी मला विचारलंच, "काय वहिनी, तुम्ही तर सहा महिने लेकीकडं राहून आलात. मी बोललो ते खरं की नाही?" मी म्हटलं, "अण्णा, खरं आहे, पण अर्धं आहे." चपला शोधता शोधता एवढंच बोलणं झालं. उरलेलं अर्धं इथं लिहिते.

माझी लेक न्यू जर्सीत असते. ती आणि जावई कामावर, नातू शाळेत, दुपार रिकामी. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायची मला सवय लागली. बी.ए.ला इतिहास घेतला होता, तो कधीच पूर्ण सुटला नाही. नातवाच्या शाळेतून परीक्षेच्या वेळापत्रकाचे कागद घरी यायला लागले, तेव्हा हे एवढं परीक्षेचं स्तोम कुठून आलं म्हणून वाचायला घेतलं. जे वाचलं त्यानं माझी टाळी कायमची थांबवली.

आधी तिथली शाळा कशी चालते ते समजून घेऊ. अमेरिकेत सुमारे पाच कोटी मुलं सरकारी म्हणजे फी नसलेल्या सार्वजनिक शाळांत शिकतात. दहातली जवळजवळ नऊ मुलं तिथंच. म्हणजे आपल्यासारखं नाही, की जरा ऐपत आली की मुलाला सरकारी शाळेतून काढलं. पण या शाळा एका सरकारच्या नाहीत. देशभर तेरा हजारांच्या आसपास शालेय जिल्हे आहेत, प्रत्येकाचं आपलं मंडळ आणि आपला खर्च. दिल्लीसारखं जे त्यांचं केंद्र, त्याचा वाटा साधारण दहाव्या भागाच्या आसपास. बाकीचा पैसा राज्याचा आणि त्या त्या गावाचा. गावाचा पैसा येतो मुख्यतः घरपट्टीतून. घरं महाग असतील तर पट्टी जास्त जमते आणि शाळेला पैसा जास्त मिळतो. घरं पडीक असतील तर लोकांनी दुप्पट दरानं पट्टी भरली तरी शाळेच्या वाट्याला थोडंच येतं.

यावर एका बापानं कोर्टात दाद मागितली होती. टेक्सासमधलं सॅन अँटोनियो शहर. त्यातला एजवूड हा गरीब, मेक्सिकन वंशाच्या कामकऱ्यांचा भाग. तिथले डिमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक १९६८ साली उभे राहिले. त्यांच्या मुलांमागे वर्षाला ३५६ डॉलर खर्च होत होता. त्याच शहरातल्या अ‍ॅलॅमो हाइट्स या श्रीमंत भागात ५९४ डॉलर. एजवूडचे लोक पट्टीचा दर जास्त देत होते, तरी ही तफावत. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी पालक हरले. बहुमताचं म्हणणं असं, की शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही. विरोधात मत देणाऱ्या चारांत थर्गुड मार्शल होते. १९५४ साली गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा ब्राऊन खटला वकील म्हणून लढले ते हेच.

हा निकाल लक्षात ठेवा. कारण पुढचं सगळं या पायावर उभं आहे. मुलांना सारखं द्यायला देश बांधलेला नाही, असं आधी ठरलं. मुलांकडून सारखंच मागायचं, हे तीस वर्षांनी ठरलं.

मधल्या काळात १९८३ साली रेगन यांच्या शिक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला, 'राष्ट्र धोक्यात आहे' अशा मथळ्याचा. शाळा ढासळल्या, जपान पुढं गेला, अशी ओरड सुरू झाली. त्यातून सुधारणेची लाट आली आणि जानेवारी २००२ मध्ये जॉर्ज बुश यांनी एका कायद्यावर सही केली. नाव फार गोड, 'एकही मूल मागे राहू नये'. दोन्ही पक्षांनी मिळून केलेला कायदा. तिसरी ते आठवी दरवर्षी आणि पुढं हायस्कूलमध्ये एकदा वाचन आणि गणिताची परीक्षा. निकाल जाहीर करायचा, आणि तो नुसता सरासरीनं नाही, तर काळी मुलं, लॅटिनो मुलं, गरीब मुलं, अपंग मुलं, इंग्रजी न येणारी मुलं, असा वेगवेगळा.

या शेवटच्या गोष्टीचं श्रेय मी देते. त्याआधी श्रीमंत गावातली शाळा आपल्या गरीब मुलांना सरासरीच्या पदराआड झाकत होती. तो पदर या कायद्यानं काढला. नागरी हक्कांच्या चळवळीतली बरीच माणसं म्हणून या कायद्याच्या बाजूनं होती. त्यांना मी चूक म्हणणार नाही. आपल्या घरातसुद्धा आधी ताप मोजावा लागतो, मग औषध.

पण थर्मामीटर लावून झाल्यावर काय केलं ते बघा. ठरलेलं लक्ष्य दोन वर्षं गाठलं नाही, तर शाळेवर 'सुधारणा हवी' असा शिक्का आणि पालकांना मूल दुसरीकडं न्यायची मुभा. आणखी चुकलं तर शिकवण्या. आणखी चुकलं तर शिक्षक बदला, शाळा खासगी चालकांच्या हाती द्या, राज्यानं ताब्यात घ्या किंवा बंद करा. आणि शेवटचं लक्ष्य काय, तर २०१४ सालापर्यंत देशातलं शंभर टक्के मूल पास. शंभर टक्के! आपण जावेच्या मुलांना शिकवून बघितलं असेल, तर एका घरातल्या चार मुलांचंही हे होत नाही. २०११ पर्यंत देशातल्या जवळजवळ निम्म्या शाळा नापास ठरल्या होत्या. शेवटी ओबामा सरकारला राज्याराज्यांना सवलती द्याव्या लागल्या आणि २०१५च्या डिसेंबरात नवा कायदा आणून शिक्षेचा कारभार राज्यांकडं परत दिला. परीक्षा मात्र राहिल्या.

यात एक गंमत आहे. कायद्यानं लक्ष्य शंभर टक्क्यांचं ठेवलं, पण पास कशाला म्हणायचं ते प्रत्येक राज्यानं आपलं आपण ठरवायचं. मग काही राज्यांनी पासाची रेघच खाली आणली. मापच बदललं की माल आपोआप भरतो.

माझ्या सासऱ्यांची गुळाची अडत होती. बाजारात मापाडी असतो, त्याचं काम मोजायचं. सासरे म्हणायचे, मापाड्यावर ज्याची मजुरी अवलंबून आहे असा माणूस शेजारी उभा केला, की काटा हलतो. अमेरिकेत काटा कसा हलला याच्या दोन गोष्टी सांगते.

पहिली ह्यूस्टनची. टेक्सासमधल्या या शहरात निकाल सुधारले आणि शाळा सोडणारी मुलं कमी झाली, असं सांगितलं जात होतं. तिथले शाळाप्रमुख रॉड पेज हे पुढं बुश यांचे शिक्षणमंत्री झाले आणि तेच प्रारूप देशाला लागलं. २००३ साली उघडकीला आलं, की एका हायस्कूलनं वर्षभरात एकाही मुलानं शाळा सोडली नाही असं कळवलं होतं, आणि प्रत्यक्षात चारशेच्या वर मुलं गेलेली होती. बदली झाली, दुसरीकडं शिकतात, असे शेरे मारून ती कागदावरून नाहीशी केली होती. शहरातल्या इतर शाळांतही तसंच सापडलं. म्हणजे ज्या मुलांना मागे राहू द्यायचं नव्हतं, ती हिशेबाच्या वहीतूनच गायब झाली.

दुसरी अटलांटाची, आणि ती वाचून मला झोप आली नव्हती. अटलांटातल्या गरीब, बहुतेक काळ्या मुलांच्या शाळांचे निकाल वर वर जात होते. शाळाप्रमुख बेव्हर्ली हॉल यांना २००९ साली देशातल्या सर्वोत्तम शाळाप्रमुखाचा मान मिळाला. लक्ष्य गाठलं की बोनस, नाही गाठलं तर मुख्याध्यापकांची खुर्ची धोक्यात. मग एका स्थानिक वर्तमानपत्राला आकडे खटकले. राज्यपालांनी तपास लावला. २०११ साली अहवाल आला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत घोटाळा, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक त्यात. परीक्षा झाल्यावर मुलांच्या उत्तरपत्रिका घेऊन शिक्षक बसत, चूक उत्तरं खोडरबरानं पुसून बरोबर करत. काहींनी तर एका शिक्षकाच्या घरी जमून हे काम केलं होतं. २०१५ साली अकरा जणांना संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली दोषी ठरवलं. हा कायदा मूळ माफियासाठी केलेला. हॉल यांनी आरोप शेवटपर्यंत नाकारले, आणि खटला पूर्ण व्हायच्या आधी त्या कर्करोगानं वारल्या.

त्या शिक्षकांची मी बाजू घेत नाही. ज्या मुलाला वाचता येत नव्हतं, त्याच्या कागदावर 'येतं' असं लिहून त्यांनी त्याला मिळणारी मदतही बंद केली. ते पाप मोठं आहे. पण त्या खोडरबरांमागे उभी असलेली माणसं कोर्टात कुठं होती? अशक्य लक्ष्य लिहिणारे, गरीब वस्तीला निम्मा पैसा देऊन पूर्ण निकाल मागणारे, वर गेलेला आकडा बघून न विचारता हार घालणारे? त्यातल्या एकाच्याही कागदावर 'नापास' असा शिक्का बसला नाही.

माझं भांडण इथं आहे. ज्याला तिकडं अकाउंटेबिलिटी म्हणतात ती फक्त खाली उतरते. मंत्री शाळाप्रमुखाला विचारतो, शाळाप्रमुख मुख्याध्यापकाला, मुख्याध्यापक शिक्षिकेला, शिक्षिका आठ वर्षांच्या पोराला. वर जाणारा प्रश्न कुणी विचारत नाही.

आणि 'शिक्षिका' हा शब्द मी मुद्दाम वापरला. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत दर चार शिक्षकांमागे तीन बायका आहेत. व्याख्यानात अण्णा 'मास्तर, मास्तर' म्हणत होते, पण ज्याला घरी पाठवायचं म्हणून आपण टाळ्या वाजवल्या तो मास्तर म्हणजे बहुधा एक बाई आहे. ती वर्गासाठी पेन्सिली, कागद, पुस्तकं स्वतःच्या पर्समधून आणते. हे मी अंदाजानं सांगत नाही. तिथल्या प्राप्तिकराच्या कायद्यातच शिक्षकांसाठी त्या खर्चाची वजावट आहे, बरीच वर्षं २५० डॉलरची होती. म्हणजे सरकारला माहीत आहे की शाळेचा खर्च बाई करते. सरकारनं तो खर्च उचलला नाही, करात जरा सूट दिली. २०१८ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या पंचावन्नच्या पंचावन्न काउंट्यांतले शिक्षक पगार आणि आरोग्यविम्यासाठी संपावर गेले, तेव्हा देशाला कळलं की मापं काढण्याच्या वर्षांत मोजणाऱ्यांनी पगाराकडं बघितलंच नव्हतं.

मोजायचं तरी नीट मोजलं का? न्यूयॉर्क राज्यात शेरी लेडरमन नावाच्या चौथीच्या अनुभवी शिक्षिका होत्या. मुलांच्या मार्कांवरून शिक्षकाची किंमत काढणारं एक गणिती सूत्र राज्यानं लावलं होतं. त्यात त्यांना एका वर्षी वीसपैकी चौदा आणि दुसऱ्या वर्षी वीसपैकी एक. शिकवणारी बाई तीच, मुलांचे निकालही जवळपास तसेच. त्या कोर्टात गेल्या. २०१६ साली न्यायाधीशांनी ते गुण मनमानी आणि बिनबुडाचे ठरवून रद्द केले. बोनस दिला की निकाल वाढतो, हेही तपासून झालं आहे. नॅशव्हिलमध्ये गणिताच्या शिक्षकांना निकालावर पंधरा हजार डॉलरपर्यंत बक्षीस ठेवून प्रयोग केला. २०१० साली निष्कर्ष आला, एकूण फरक पडला नाही. शिक्षक आधीच जमेल तेवढं करत होते.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी निकालावर पैसे द्यायची पद्धत आणली. इन्स्पेक्टर येऊन मुलांना वाचायला लावणार आणि पास मुलांच्या संख्येवर शाळेला अनुदान मिळणार. पोरं पुस्तक पाठ करून घडाघडा म्हणू लागली. कवी मॅथ्यू आर्नोल्ड स्वतः शाळा तपासनीस होते, त्यांनी हयातभर त्याला विरोध केला. शतक संपता संपता ती पद्धत इंग्लंडनं सोडून दिली. तीच पद्धत आपल्या मुंबई इलाख्यातही आली होती. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं, त्यात त्यांनी साफ सांगितलं, की निकालावर पैसे द्यायची रीत गरीब, अडाणी लोकांत शिक्षण पसरवायला उपयोगाची नाही. अशा वस्तीत शाळा काढून कुणा शिक्षकाचं पोट भरणार नाही. तिथं आधी सरकारनंच शाळा घालायला हव्यात. अटलांटाच्या आधी सव्वाशे वर्षं पुण्याच्या एका माणसानं हे ओळखलं होतं. अमेरिकेचं कौतुक करताना आपण आपलं घरचं शहाणपण विसरतो.

आता म्हणाल, पैशानं सगळं होतं का? नाही होत. न्यूअर्कचंच बघा. माझ्या लेकीच्याच राज्यातलं शहर. शाळा बिघडल्या म्हणून राज्यानं त्या १९९५ साली स्वतःच्या ताब्यात घेतल्या. गरीब शहरांना जादा पैसा द्या, असे तिथल्या राज्य न्यायालयाचे हुकूम होते, त्यामुळं पैसाही येत होता. पण तो वर्गापर्यंत पोचायच्या आधी कार्यालयांत मुरत होता. २०१० साली फेसबुकवाले मार्क झुकरबर्ग ओप्रा विन्फ्रे यांच्या टीव्ही कार्यक्रमात गेले आणि शहरातल्या शाळांसाठी दहा कोटी डॉलर जाहीर केले. शेजारी महापौर आणि राज्यपाल. शहरातल्या आयांना आपल्या मुलांच्या शाळा बदलणार हे टीव्हीवरून कळलं. त्या देणगीतले आणि तिच्या जोडीला जमलेले दोन कोटींहून जास्त डॉलर सल्लागारांनाच गेले. पुढं इंग्रजीत मुलांची काही प्रगती दिसली, तीही सांगायला हवी. पण मला विचारायचंय ते वेगळं. शाळा नीट चालवली नाही म्हणून गावाच्या हातून ती काढून घेतली. मग राज्यानं बावीस-तेवीस वर्षं ती चालवूनही तीच तक्रार राहिली, तेव्हा राज्याच्या हातून ती कुणी काढून घेतली? कुणी नाही. २०१८ साली कारभार गावाला परत दिला आणि झालं.

शिकागोत २०१३ साली एका दमात पन्नासच्या आसपास शाळा बंद केल्या, बहुतेक काळ्या वस्त्यांतल्या. तिथल्या डाएट हायस्कूलचीही बंदीची वेळ आली होती. २०१५च्या ऑगस्टात वस्तीतले पालक, आज्या, कार्यकर्ते अशा बारा जणांनी उपोषण सुरू केलं. ते चौतीस दिवस चाललं. आपल्या घरांत उपवास कशाला म्हणतात ते सांगायला नको. दहा उपवास केलेल्या सुनेची आपण मिरवणूक काढतो. त्या बायांचं ते तप नव्हतं, हे मला कळतं. पण चौतीस दिवस अन्न सोडून त्या काय मागत होत्या? आपल्या वस्तीतल्या मुलांना चालत जाता येईल अशी, सगळ्यांना खुली असलेली एक शाळा. शाळा पुन्हा उघडायचं नगरपालिकेनं मान्य केलं, पण कसली शाळा ते आपल्या मर्जीनं ठरवलं. आकड्यांनी 'नापास' म्हटलेल्या शाळेसाठी माणसं उपाशी राहतात, तेव्हा त्या शाळेत आकड्यांना न दिसलेलं काहीतरी असतंच.

अण्णांच्या बाजूनंही एक खरी गोष्ट आहे. वाईट शिक्षक असतात. त्यांना सांभाळणाऱ्या संघटना असतात. न्यूयॉर्कमध्ये आरोप असलेल्या शिक्षकांना वर्षानुवर्षं एका खोलीत बसवून पगार दिला जायचा, ती पद्धत २०१० साली मोडावी लागली. त्याची किंमतही गरीब मुलंच भरतात, कारण श्रीमंत गावातले पालक अशा शिक्षकाला दोन महिन्यांत हलवतात. म्हणून जाब नकोच, असं मी म्हणत नाही. जाब हवाच. पण तो मागायचा हक्क कुणाला, हा माझा सवाल आहे.

सासऱ्यांच्या अडतीवर एक रीत होती. शेतकऱ्याला लागणीच्या वेळी उचल द्यायची, आणि सुगीला गूळ आला की हिशेब. ज्यानं उचल दिली नाही, त्यानं गूळ ओला निघाला म्हणून आवाज चढवायचा नाही. अमेरिकेतही ज्यांनी आधी उचल दिली त्यांचं बरं झालं. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९३ साली कायदा झाला. त्यात राज्यस्तरीय परीक्षा होती, पण तिच्या सोबतच गरीब गावांच्या शाळांना राज्याचा मोठा पैसा होता. त्यानंतरच्या वर्षांत ते राज्य देशपातळीवरच्या चाचण्यांत वरच्या रांगेत राहिलं. इतरांनी त्यातली परीक्षा तेवढी उचलली, कारण परीक्षा स्वस्त पडते.

उचल म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी बाहेरून सांगायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. सगळ्या जातींची पोरं त्यांनी साताऱ्याच्या वसतिगृहात एकत्र ठेवली, आणि त्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. निकाल किती लागेल, हे आधी विचारलं नाही.

आणि जाब म्हणजे काय, हेही आपल्याला शिकवलेलं आहे. प्रतिक्रमणात आपण काय करतो? दिवसभरात माझ्याकडून काय चुकलं, ते आधी स्वतःपुढं मांडतो. आलोचना करताना गुरूपुढं स्वतःचा दोष सांगतो, शेजारणीचा नाही. मोठ्यानं आधी, धाकट्यानं मागून. क्षमावाणीच्या दिवशी घरातली वडील माणसंसुद्धा सुनेपुढं हात जोडतात. अमेरिकेच्या शाळांच्या सुधारणेत हे एक कलम राहून गेलं. ज्याच्या हातात सगळ्यात जास्त सत्ता, त्यानं सगळ्यात आधी हिशेब द्यायचा. आमदारांनी दरवर्षी जाहीर करावं, की कुठल्या शाळेला किती पैसा दिला, कुठल्या वर्गात किती मुलं कोंबली, किती शाळांत नर्स नाही, ग्रंथपाल नाही. त्याखाली लाल शाईनं पास-नापास लिहावं. मग खुशाल बाईच्या वर्गात जाऊन वही तपासावी.

आलोचनेचा विषय काढला, तर माझीही सांगते, नाहीतर हा लेख खोटा होईल. मी तिथं असताना लेक-जावई घर बघत होते. तिकडं घराच्या जाहिरातीतच त्या भागातल्या शाळेचे दहापैकी गुण छापलेले असतात. दोन घरं पसंत पडली होती. एक मोठं, अंगणाचं, स्वस्त, पण शाळेला दहापैकी चार. दुसरं लहान, बरंच महाग, शाळेला नऊ. लेकीनं मला विचारलं, "आई, काय करू?" वाचनालयात बसून मी हे सगळं वाचत होते. त्या चार आणि नऊमध्ये शिकवण्याचा फरक किती आणि आईबापांच्या पगाराचा किती, हे मला चांगलं कळत होतं. तरी मी म्हटलं, "नऊवालंच घे. पोराचा प्रश्न आहे."

तिनं घेतलं. त्या गावात आपली मराठी, गुजराती, तेलुगू माणसं पुष्कळ आहेत. सगळ्यांनी असंच घेतलं. आपण सगळे मिळून त्या गावाच्या घरांचे भाव चढवतो, चढलेल्या भावानं शाळेचा पैसा वाढतो, वाढलेल्या पैशानं नऊचे साडेनऊ होतात, आणि गावाकडं येऊन आपण सांगतो की तिकडं बघा, शाळा कशी जाब देते. चारवाल्या शाळेत जी पोरं उरली, त्यांच्या शिक्षिकेला आपण घरी पाठवायला निघालो, आणि तिच्या शाळेतून आपलं मूल, आपली घरपट्टी आणि आपला आवाज काढून घेऊन आलो, ते मात्र हिशेबात धरलं नाही.

म्हणून त्या संध्याकाळी मी टाळी वाजवली नाही. यंदा पर्वात अण्णा पुन्हा बोलणार आहेत असं कळलं. त्यांना मी निरोप पाठवला आहे, की व्याख्यानानंतर प्रश्नांना दहा मिनिटं ठेवा. पहिला प्रश्न मी विचारणार आहे, आणि तो आधी मलाच लागू आहे: मापाड्याला कोण मोजणार?